लेकरांचं खळं

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या, हरभऱ्याला घाटे धरले आणि सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली की माझं डोकं फिरतं, असं माझ्या सुनेचं म्हणणं आहे. फिरतं तर फिरतं! या दिवसांत शेण दिसलं की मला सारवावंसं वाटतं, त्याला मी काय करू? मागच्या आठवड्यात हिंगोलीच्या आमच्या गल्लीत कुणाची तरी म्हैस ऐन दारात शेण टाकून गेली, तर मी बादली घेऊन उठलेच. सून आतून धावत आली. "अहो आई, फरशी आहे ती! फरशीवर काय सारवता?" मी म्हटलं, "असू दे बाई, तुला नाही कळायचं," आणि बादली ठेवून दिली. बोटं मात्र दिवसभर शिवशिवत राहिली.

आता खळं कुणी करत नाही. मळणीचं यंत्र शेतात येतं, धुरळा उडवतं आणि दोन तासांत पुढच्या शेतात जातं. बरंच झालं, बैलांचे हाल वाचले. जुन्याच्या नावानं गळा काढणाऱ्यांतली मी नाही. पण खळं म्हटलं की लोकांना धान्याची रास दिसते आणि मला पोरं दिसतात. त्या एका थंडीत आमच्या शिवारात जी खळी झाली त्यांच्यावर एक दाणासुद्धा मळला गेला नाही. त्यांच्यावर आम्ही लेकरं पळलो. माझ्या भावाला त्याचे पाय तिथं परत मिळाले आणि ते देणारी बाई आमच्या नात्याची नव्हती, गावचीही नव्हती. तिची आठवण आली की अजून हात आपोआप जोडले जातात.

निजामाचं राज्य होतं. मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावापासून दोन कोसांवर. मी नऊ वर्षांची, गोदी. माझ्या पाठचा नामा सहाचा. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. माय चुलीपुढं भाकरी थापत होती आणि वर माळवदाच्या लाकडी सरातून एक मेलेला उंदीर टप्पकन तव्याशेजारी पडला. माय ओरडली नाही. तिनं काठवट बाजूला सारली, चुलीवर पाणी ओतलं आणि आमच्या बाला, वडलांना, हाक मारली, "उंदीर पडला." तेवढे दोन शब्द पुरे होते. संध्याकाळच्या आत सगळं गाव उठलं.

प्लेग आला की गावानं उठायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गाड्या भरल्या. जाती, वाकळी, कोंबड्यांच्या पाट्या, एका म्हातारीनं तर तुळस कुंडीसकट मांडीवर घेतलेली. आमच्या शेतात बानं मागल्या साली तुरीच्या काढून ठेवलेल्या काड्यांच्या, तुऱ्हाट्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि वर कडबा टाकला. नव्या कडब्याला एक उग्र, हिरवा वास असतो. पहिले दोन दिवस मला वाटलं, किती छान, आता रोज असंच राहायचं! तिसऱ्या दिवशी सकाळी मी गावाकडे पाहिलं. एवढी घरं, आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता. 

झोपडीपासून झोपडी पन्नास पावलांवर. एकीतल्या माणसानं दुसरीत जायचं नाही, असा पाटलांचा हुकूम. आणि ज्याला गाठ येईल त्याच्या घरच्यांनी बिऱ्हाड उचलून नाल्यापल्याड जायचं. आमच्या शेजारचे गंगारामकाका चौथ्याच दिवशी पल्याड गेले, काकूला घेऊन. काकू आठवड्यानं एकटी अल्याड आली. कुणी तिच्याजवळ गेलं नाही. लांबूनच सगळ्या बायका रडल्या, ती उभी राहून ऐकत होती.

आता त्यात आमच्या मायांनी काय शहाणपणा केला तो सांगते. पायात काटा मोडला किंवा ठेच पिकली की जांघेत सुपारीएवढी गाठ येते. आमच्याकडे तिला अवधाण म्हणतात. चार-सहा दिवसांत जिरते, एरवी कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नाही. पण प्लेगाची गाठही तिथंच यायची, जांघेत. हात लावून काट्याची कुठली आणि प्लेगाची कुठली हे कुणाला कळणार? मग ठरलं: लेकरू पळालंच नाही तर काटा मोडणार नाही, काटा मोडला नाही तर अवधाण येणार नाही, अवधाण आलं नाही तर नाल्यापल्याड जायची पाळी येणार नाही. झालं! शिवारातली सगळी पोरं झोपडीच्या दारात वाकळेवर बसवली. रोज उजाडलं की माय आम्हा दोघांना उभं करायची, जांघा आणि काखा चाचपायची, आणि मग म्हणायची, "बसा आता. उठला तर तंगडी तोडीन." बाहेर एवढं मोठं शिवार, ऊन कोवळं, हरभरा हिरवागार, आणि आम्ही बसलेलो. काय छळ होता तो! मी नामाला चिमटे काढायची, तो मला चावायचा, मग दोघांनाही मार.

नामाला पावसाळ्यात हिवताप झाला होता. दोन महिने तो अंथरुणात होता आणि दिवाळीला कुठं भिंत धरून चालायला लागला होता. त्याला बसायची सक्ती काय करायची, तो आपणहून बसला. आधी म्हणायचा, "गोदे, मला उभं कर." मग म्हणेना. महिना झाला तेव्हा तो पाण्याच्या घागरीपर्यंत ढुंगणानं सरकत जायचा. पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झालेल्या. जेवायचा नाही, रडायचाही नाही. बा लांबून वैद्याला विचारून आला. वैद्य म्हणाला, पाय आखडले, आता देवाची मर्जी. माय त्या दिवशी भाकरी करताना रडत होती, आणि तरी मी उठले तर खेकसलीच, "बस!"

रूपली याडी आमच्या शेतात कापूस वेचायला आलेली लमाणबाई. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही सगळी पोरं तिला याडीच म्हणायचो. साठीची असेल. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांचा घागरा, आवाज असा की माळावरून हाक मारली तर नाल्यातली म्हैस मान वर करायची. गावात उंदीर पडले आणि तांड्यानं आपली वाट बंद केली. नायकानं निरोप धाडला, तू गावकऱ्यांत मिसळलीस, आता तिकडंच राहा. तिची नातवंडं वर टेकडीवर आणि ती खाली आमच्या बांधाला पळाट्यांच्या, कापसाच्या काड्यांच्या खोपीत एकटी. टेकडी अर्धा कोसही नव्हती.

एक दिवस ती बांधावर येऊन उभी राहिली आणि नामाकडे बघत बसली. मग मायला म्हणाली, "बाई, ह्या छोऱ्याचे पाय चालनं इसरून राहिले."

"तुला काय करायचं?" माय म्हणाली.

"मला काय करायचं! आमचे आजे-पंजे बैलायवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडले. आमी जलमभर उघड्यावर राह्यलो. तुमी महिना झाला राहून, आन् शिकवू मला? मुक्कामावर लेकरू बसलं का आजारी पडते. त्याला हालवाच लागते."

"आन् काटा मोडला म्हंजी? गाठ आली म्हंजी? तू येशील का नाल्यापल्याड?"

 याडीनं खाली वाकून मूठभर काटेरी सराटे उचलले आणि तळहातावर घेऊन निरखून बघितले. मग बाला म्हणाली, "दादा, तुमी खळं कवा करता?"

"पुसाच्या महिन्यात. काहून?"

"आताच करा. दारापुढं. दाण्याचं नगं, लेकरायचं करा. खळ्यात काटा ऱ्हाते का कदी?"

 खळं म्हणजे लक्ष्मीची जागा. तिथं चप्पल चालत नाही, तिथं कुणी थुंकत नाही. "खळ्यात पोरं नाचवायची? लक्ष्मी काय म्हनंल?" बा म्हणाला.

"तुज्या घरची लक्ष्मी ती बघ, वाकळवर बसून भावाला चिमटे काढून राहिली," याडी म्हणाली. मी पटकन हात मागं घेतला.

बा हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं कुदळ घेतली. गवत तासलं, ढेकळं फोडली, पाणी शिंपडून जमीन चोपली. मायनं कुरकुर करत का होईना शेण कालवलं, मी सारवलं. वाळलं तेव्हा त्यावरून हात फिरवला तर खडा लागत नव्हता. मधोमध बानं तिवडा रोवला, मळणीच्या वेळी ज्याच्याभोवती बैल फिरतात तो खांब. आणि याडीनं नामाला काखेत उचलून तिवड्याला नेऊन उभा केला. त्यानं खांब मिठी मारून धरला. पाय थरथरत होते. "सोडू नगंस," ती म्हणाली, "नुसता उभा ऱ्हा. आज एवढंच."

आमचं खळं पाहून पलीकडच्या झोपडीनं केलं, मग तिच्या पलीकडच्या. आठ दिवसांत शिवारात जिकडे बघावं तिकडे सारवलेली गोल खळी, आणि प्रत्येकावर ज्याची त्याची लेकरं. कुणी कुणाच्या खळ्यावर जायचं नाही, हे पाटलांच्या हुकुमातही बसलं. पण खेळ सगळ्यांचा एक. मधल्या मोठ्या धोंड्यावर याडी चढायची, काशाची थाळी वाजवायची आणि ओरडायची, "चला, लदेणी निघाली!" लदेणी म्हणजे बैलांवर माल लादून निघालेला तांडा. आम्ही बैल. पाठीवर फडक्यात बांधलेली मूठभर सरकी, आणि तिवड्याभोवती गोल गोल पळायचं. थाळी हळू तर चालायचं, थाळी जोरात तर धावायचं. पन्नास फेऱ्या झाल्या की हिंगोली यायची. तिथून पुढं वाशीमची वाट धरायची. कनेरगाव नाक्यावर आपली मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, संपून इंग्रजाचा वऱ्हाड लागायचा आणि तिथं झडती व्हायची. याडी आवाज बदलून दरडावायची, "ए लमानो! हात वर! खाली बसा! उठा! बसा! पोत्यात काय हाय? वाका, दाखवा!" सगळ्या शिवारात पन्नास-साठ पोरं एकदम वाकायची, बसायची, उठायची. नाक्यावरच्या शिपायावर एवढं कुणी हसलं नसेल. हसून हसून दम लागायचा आणि मग अशी भूक लागायची की माय म्हणायची, "भाकरी पुरंना बाई ह्यायला." म्हणायची रागानं, पण भाकरी मोठी थापायची.

त्या थंडीतलं काय काय आठवतं! सारवलेल्या जमिनीचा तळव्यांना लागणारा गारवा, आणि पाचव्या फेरीला तोच ऊबदार वाटायला लागायचा. सरकीचा वास. घामावर वारा लागून येणारा शहारा. लांबच्या खळ्यावरची, जिच्याशी मी एकदाही जवळून बोलले नव्हते अशी एक मुलगी माझ्याबरोबर फेरी पूर्ण झाली की हात उंच करायची, मीही करायची. पुढे जन्मभराची मैत्रीण झाली ती. आणि नामा. पहिल्या आठवड्यात तो खांब धरून उभा. मग खांब धरून फिरायला लागला, एक पाऊल, दुसरं पाऊल. याडी त्याला म्हणायची, "तू लदेणीचा म्होरक्या, मधीच ऱ्हा." मी लोकांना सांगते, माझ्या भावाला कुठल्या औषधानं नाही उठवलं, त्या बाईच्या लटक्या प्रवासानं उठवलं.

आणि मग मी माती खाल्ली.

पौष लागला होता. बांधावरच्या बोरी पिकल्या होत्या. खळ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही हे याडीनं शंभरदा बजावलं होतं. पण दुपारी माय पाण्याला गेली, आणि पिकल्या बोरांचा वास तुम्हाला ठाऊक आहे. मी गेले. ओचाभर बोरं खाल्ली. टाचेत काहीतरी बोचलं, मी नखानं उकरलं आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी माय जांघ चाचपत होती आणि तिचा हात तिथंच थांबला.

"कुठं गेल्ती?" तिनं विचारलं.

"बोरं खायला."

तिनं मला एक ठेवून दिली आणि लगेच पोटाशी धरलं, इतकं घट्ट की श्वास घेता येईना. बा म्हणाला, "गप ऱ्हाऊ. दोन दिस गप ऱ्हाऊ. अवधाणच आसंल." माय म्हणाली, "आन् नसलं तर? समदी लेकरं पळून राहिली भवती, त्यायचं काय?" मग तीच उठली, पाटलांच्या झोपडीसमोर पन्नास पावलांवर उभी राहिली आणि तिनं ओरडून सांगितलं, "माज्या पोरीला गाठ हाय." माझी माय एरवी पाटलांपुढं पदर सावरून तोंड न उघडणारी. मला आज लिहितानाही तिचा अभिमान वाटतो.

पाटील म्हणाले, "नाल्यापल्याड जा. आन् आजपासून खळी बंद. पळवलं म्हनून झालं हे."

माय वाकळी बांधायला लागली. सगळं बिऱ्हाड निघणार म्हणजे नामाही निघणार, माझ्या शेजारी, गाठीशेजारी, तिवडा सोडून. तेवढ्यात याडी आली. तिनं माझी टाच बघितली, गाठ दाबून बघितली. "काटाच हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पर पाटलाचा हुकूम बराबर हाय, पोरगी पल्याडच ऱ्हाईल. समद्यायनं काहून जायाचं? तिच्यासंगं मी जाते. पाच दिस. सहाव्या दिशी बघा." मायनं माझी वाकळ तेवढी तिच्या हातात दिली. नाल्यापल्याड येशील का, असं मायनंच तिला विचारलं होतं.

गंगारामकाकांच्या झोपडीपासून लांब, नाल्याच्या काठावर आम्ही बसलो. मी विचारलं, "याडी, काटाच हाय न?"

"मला काय ठाव," ती म्हणाली. "काटा काय घावला न्हाई मला."

"मंग आलीस काहून?"

"तू एकली कशी ऱ्हाशील?" ती म्हणाली आणि तीन धोंड्यांवर पातेलं ठेवायला लागली.

इतकी वर्षं झाली, चार लेकरं झाली, नातवंडं झाली. माझ्यावर खूप जणांनी माया केली. पण असं उत्तर मला पुन्हा कुणी दिलं नाही. ती टाच शेकायची, निंबाचा पाला वाटून बांधायची, कपाळाला हात लावून ताप बघायची. हात लावायच्या आधी एक क्षण थांबायची. तीही घाबरली होती, हे मला मोठी झाल्यावर कळलं. मला मात्र तिनं बसू दिलं नाही. वाळू निवडून तिनं काठावर एक पट्टा साफ केला आणि लंगडत का होईना चालवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अल्याडहून थाळी वाजली. याडी माझ्या समोर बसलेली, मग वाजवतंय कोण? आम्ही दोघी उठून बघायला लागलो. धोंड्यावर माझी माय उभी होती. थाळी तिला धड वाजवता येत नव्हती, ताल कुठल्या कुठं जात होता, आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "नाका आला! हात वर!" खळ्याखळ्यावर पोरं उठली. पाटील काठी घेऊन आले, लांबूनच रागावले. मायनं थाळी थांबवली नाही. "पाटील, माजी पोरगी पल्याड हाय," ती म्हणाली. "मला आता कशाचं भ्याव दाखवता?" पाटलांचा नातू त्यांच्याच दारापुढच्या खळ्यावर बस-ऊठ करत होता. पाटील त्याच्याकडे बघत थोडे उभे राहिले आणि परत गेले. याडी खळखळून हसली आणि मग डोळे पुसत म्हणाली, "ताल न्हाई बाईला. पर घसा हाय."

होळीनंतर आम्ही गावात परतलो. तांड्यानंही वाट उघडली आणि याडी आपल्या नातवंडांत गेली. पुढे दर वर्षी कापूस वेचायला यायची, माझ्या लग्नात नाचली. निजामाचं राज्य गेलं त्या साली ती गेली. मी बाळंतीण होते, मला जाता आलं नाही. माय गेली, टेकडी चढून. याडीला शेवटचं पाणी मायच्या हातचं मिळालं, एवढं मला पुढे कळलं.  नामा अजून शेताला चालत जातो, मुलानं गाडी घेऊन दिली तरी.

सहाव्या दिवसाचं सांगायचं राहिलं. गाठ जिरली होती. टाचेतून आदल्या दिवशीच बारीक काळं टोक वर आलं होतं. अल्याडच्या काठावर लोक उभे होते, लांब लांब. पाटलांनी बघितलं, मान हलवली. तेवढ्यात नामानं मायचा हात सोडला. आमच्याकडे यायला उताराला लागला, पहिली दोन पावलं चालला आणि मग, कुणी सांगितलं नसताना, पळायलाच लागला. वाकडा, हेलपाटत, नाल्याचं घोटाभर पाणी उडवत. मायच्या तोंडून सवयीनं निघालं, "पळू नगंस! नाम्या, पळू..." आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग हात काढले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "पळ! पळ, माज्या राजा, पळ!"